गाठ अखंड बाहेर यायला हवी

डिसेंबर 1809. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल गावात एफ्रेम मॅकडॉवेल या शल्यचिकित्सकाने आपल्या घरातच एक शस्त्रक्रिया केली. रुग्णाचं नाव जेन टॉड क्रॉफर्ड, वय 46. पोट इतकं वाढलं होतं की जेनना दिवस भरले आहेत असा सगळ्यांचा समज झाला होता. ती अंडाशयाची गाठ आहे हे मॅकडॉवेल यांनी ओळखलं. गाठ काढून घेण्यासाठी जेन 60 मैल घोड्यावरून आल्या. भुलीचं औषध अजून यायचं होतं. ईथरचा जाहीर प्रयोग व्हायला आणखी 37 वर्षं लागणार होती. 9 इंचांचा छेद, 25 मिनिटांचं काम आणि साडेबावीस पौंडांची, म्हणजे 10 किलोहून जड गाठ. जेन 25 दिवसांनी घरी परतल्या आणि पुढे 32 वर्षं जगल्या.

या हकिगतीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. गाठ इतकी मोठी होती की ती छेदातून अख्खी बाहेर येईना. तेव्हा मॅकडॉवेल यांनी ती उघडली, आतला बुळबुळीत ऐवज काढून टाकला आणि मग रिकामं झालेलं आवरण कापून वेगळं केलं. जेन एवढं आयुष्य जगल्या, त्यावरून ती गाठ कर्करोगाची नसावी असंच मानलं जातं. कर्करोगाची असती, तर तीच कृती बहुधा जीवघेणी ठरली असती.

अंडाशयाच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी की पोट उघडावं, हा आजचा वाद याच तपशिलाभोवती फिरतो. रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या बोलण्यात तो छेदाच्या लांबीवर येतो: टाके किती, सुट्टी कधी, घरकाम कधी सुरू करता येईल. हे प्रश्न गैर नाहीत. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. गाठ न फुटता बाहेर येईल का, आणि पोटाचा कानाकोपरा तपासला जाईल का?

अंडाशयाचा कर्करोग इतर कर्करोगांपेक्षा निराळ्या वाटेने पसरतो. स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग मुख्यतः लसीकावाहिन्या आणि रक्तवाहिन्यांतून पुढे सरकतो. अंडाशय मात्र उदरपोकळीत जवळपास मोकळाच असतो. गाठीच्या पृष्ठभागावरून सुटलेल्या पेशी पोटातल्या द्रवात तरंगतात, श्वासाच्या आणि आतड्यांच्या हालचालीबरोबर वर चढतात आणि श्वासपटलाच्या खालच्या बाजूला, यकृताभोवती, आतड्यांवर पदरासारख्या लोंबणाऱ्या ओमेंटम या चरबीच्या थरावर जाऊन रुजतात. म्हणून ओटीपोटात सुरू झालेल्या आजाराचा ठिपका बरगड्यांखाली सापडतो आणि मधली जागा स्वच्छ असते.

याच कारणाने गाठीच्या आवरणाला एवढं महत्त्व आहे. आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014मध्ये आपली वर्गवारी सुधारली. कर्करोग एकाच अंडाशयात असेल आणि आवरण शाबूत असेल, तर टप्पा 1ए. दोन्ही अंडाशयांत असेल, तर 1बी. शस्त्रक्रिया चालू असताना आवरण फुटलं, तर तो टप्पा 1सी1 होतो. आधीच फुटलेलं असेल किंवा गाठीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर कर्करोग असेल तर 1सी2, आणि पोटातल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर 1सी3. म्हणजे सकाळी 1ए असलेली बाई शल्यचिकित्सकाच्या हातून झालेल्या एका चुकीमुळे दुपारी 1सी होऊ शकते. याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. पेशी कमी आक्रमक असलेल्या 1ए टप्प्यात नीट शस्त्रक्रियेनंतर बहुधा केमोथेरपी लागत नाही. 1सी झालं की केमोचा विचार करावा लागतो.

आजाराचं ओझं किती आहे, तेही पाहायला हवं. जगात 2022मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचे 3 लाख 24 हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि 2 लाखांहून अधिक स्त्रियांचा त्याने बळी घेतला. भारतात स्त्रियांच्या कर्करोगांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर याचाच क्रमांक लागतो. आजार अंडाशयापुरता असताना सापडला तर दहापैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूर पसरल्यावर हे प्रमाण दहापैकी तिनावर येतं. आणि बहुतेकींचं निदान पसरल्यावरच होतं.

मग सरसकट तपासणी करून लवकर का शोधत नाहीत? ब्रिटनमध्ये 2 लाखांहून अधिक स्त्रियांवर नेमका हाच प्रयोग झाला. त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींची वर्षानुवर्षं सीए-125 ही रक्तचाचणी किंवा सोनोग्राफी केली गेली. 2021मध्ये दीर्घकाळाचे निष्कर्ष आले तेव्हा या तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत असं दिसलं. सीए-125 तशी फसवी आहे. पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ती वाढलेलीच नसते, आणि उलट एंडोमेट्रिओसिस, गर्भारपण, अगदी पाळीच्या दिवसांतही वाढू शकते.

त्यामुळे अंडाशयापुरता मर्यादित असलेला कर्करोग अनेकदा अवचित हाती लागतो. पाळीच्या तक्रारीसाठी किंवा पोटदुखीसाठी सोनोग्राफी होते आणि अहवालात अंडाशयाची गाठ येते. अशा गाठी बहुसंख्य वेळा साध्या असतात, आणि खरा धोका इथेच दबा धरून असतो. गाठ साधीच असेल असं धरून दुर्बीण घातली जाते, द्रव सुईने ओढून घेतला जातो किंवा गाठ सोलून तुकड्यांत काढली जाते. आठवड्याने पॅथॉलॉजीचा अहवाल येतो आणि त्यात कर्करोग निघतो. तोवर पेशी पोटभर सांडलेल्या असतात. गाठीत घन भाग आहे का, आत पडदे किती, रक्तप्रवाह कसा आहे, पोटात पाणी आहे का, हे सोनोग्राफी करणाऱ्या अनुभवी डोळ्यांना आधीच बरंचसं सांगता येतं. संशयास्पद गाठीला सुई लावू नये, हा नियम इतका साधा आहे की तो मोडला जातो याचं वाईट वाटतं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. 1901मध्ये जर्मनीच्या गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिलं. 1910मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियान याकोबेउस यांनी माणसांवर तेच केलं. पण त्यानंतर अनेक दशकं हे पाहण्याचंच साधन राहिलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उदवाडिया यांनी 1972मध्ये दुर्बीण हाती घेतली, तीही निदानासाठीच. साधनं तुटपुंजी, रुग्ण गरीब, आणि पोटात काय आहे ते कळण्यासाठी दरवेळी पोट उघडणं परवडणारं नाही, अशी ती परिस्थिती होती. त्याच रुग्णालयात 1990मध्ये त्यांनी भारतातली पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. दरम्यान जर्मनीच्या कील शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी 1980मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं आणि त्यासाठी आपल्याच देशातल्या शल्यचिकित्सकांचा रोष ओढवून घेतला. अंडाशयाच्या कर्करोगात ही पद्धत 1990च्या दशकात शिरली. फ्रान्समध्ये लील इथे डेनी केर्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून थेट मूत्रपिंडांच्या पातळीपर्यंतच्या लसीकाग्रंथी काढून दाखवल्या, तेव्हा पोट न उघडता पूर्ण तपासणी होऊ शकते हे पहिल्यांदा पटायला लागलं.

‘पूर्ण तपासणी’ हा शब्द इथे कळीचा आहे. अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे नुसती गाठ काढणं नव्हे. आधी पोटात खारं पाणी सोडून ते परत ओढून पेशींसाठी तपासायला पाठवतात. मग श्वासपटल, यकृत, प्लीहा, जठर, आतड्यांची सगळी लांबी, ओटीपोटाचे खोलगट भाग नीट पाहतात. दोन्ही अंडाशय, बीजनलिका आणि गर्भाशय काढतात. ओमेंटम काढतात. पोटाच्या अस्तराचे नमुने वेगवेगळ्या जागांवरून घेतात, आजार दिसत नसला तरी घेतात. ओटीपोटातल्या आणि महारोहिणीलगतच्या लसीकाग्रंथी गरजेनुसार काढून पाहतात. म्युसिनस, म्हणजे चिकट द्रव बनवणाऱ्या पेशींची गाठ असेल तर अपेंडिक्सही पाहतात, कारण तसा कर्करोग कधी कधी मुळात तिथूनच आलेला असतो.

एवढं सगळं कशासाठी, याचं उत्तर 1983 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात आहे. आजार सुरुवातीच्या टप्प्यातला आहे असं सांगून पाठवलेल्या 100 स्त्रियांची पुन्हा काटेकोर तपासणी केली गेली. त्यांतल्या 31 जणींचा आजार प्रत्यक्षात पुढच्या टप्प्यातला निघाला, आणि त्यांतल्या बहुतेकींचा तर थेट तिसऱ्या. पहिल्या शस्त्रक्रियेत कुणी वाईट हेतूने कुचराई केली नव्हती. छेद अपुरा होता, वर हात पोचला नव्हता, ठिपके दिसले नव्हते. वरवर मर्यादित दिसणारा आजार खरोखर मर्यादित आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

दुर्बीण इथे काही बाबतीत पोट उघडण्यापेक्षा सरस आहे. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवलं आणि 5 ते 12 मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा आत गेला की श्वासपटलाच्या खालचा भाग पडद्यावर कैक पटींनी मोठा दिसतो. टाचणीच्या टोकाएवढे ठिपकेही नजरेत येतात. रक्तस्राव कमी होतो, जखम चिघळण्याचं आणि पुढे हर्निया होण्याचं प्रमाण घटतं, रुग्णालयातला मुक्काम लांबत नाही. केमो लागणारच असेल तर ती वेळेत सुरू करता येते, आणि या आजारात हा मोठा फायदा आहे.

पण हाताचा स्पर्श जातो. आतड्यांच्या पदराच्या मुळाशी दडलेली, डोळ्यांना न दिसणारी गाठ शल्यचिकित्सकाची बोटं ओळखतात. उपकरणाच्या टोकाला ती कळत नाही. प्लीहेच्या मागचा, यकृतामागचा भाग दुर्बिणीतून अवघड असतो. यंत्रमानवी बाहूंनी मनगटासारखी वळण्याची सोय दिली, थरथर कमी केली. स्पर्शाची उणीव मात्र बव्हंशी तशीच राहिली.

राहिला प्रश्न गाठ बाहेर काढण्याचा. पोटातच तिला एका मजबूत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड छिद्रातून बाहेर ओढतात आणि गरज पडली तर पिशवीच्या आतच द्रव शोषून गाठ लहान करतात. पोटाच्या भिंतीला पेशी लागू नयेत म्हणून हा खटाटोप. कधी ती योनिमार्गातून, कधी ओटीपोटावर लहानसा आडवा छेद घेऊन काढतात. गाठ आजूबाजूला चिकटलेली असेल किंवा पिशवीत मावण्यापलीकडे मोठी असेल, तर दुर्बिणीचा हट्ट सोडावाच लागतो. बाहेर आलेली गाठ लगेच पॅथॉलॉजिस्टकडे जाते. ‘फ्रोझन सेक्शन’ नावाच्या तपासणीत रुग्ण भुलीतच असताना अर्ध्या-पाऊण तासात कर्करोग आहे की नाही याचा अंदाज मिळतो आणि पुढची शस्त्रक्रिया ठरते. म्हणून ही सोय नसलेल्या ठिकाणी संशयास्पद गाठ काढायला घेणं म्हणजे अर्धवट तयारीनिशी काम सुरू करणं होय.

आकडे काय सांगतात? पहिल्या टप्प्यातल्या अंडाशयाच्या कर्करोगात दुर्बीण आणि पोट उघडणं यांची चिठ्ठ्या टाकून तुलना करणारी एकही चाचणी वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2016च्या आढाव्याला सापडली नाही. जे आहे ते मागच्या नोंदींवरून. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 2010 ते 2015 या काळातल्या 8,850 स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. दुर्बिणीचा वापर या सहा वर्षांत सुमारे 20 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर गेला होता. आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठ फुटण्याचा धोका काही प्रमाणात जास्त होता. ज्यांची गाठ फुटली त्यांची जगण्याची शक्यता न फुटलेल्यांपेक्षा कमी भरली. तेव्हा दुर्बीण वाईट नाही, पण तिने वाढणारी फुटीची शक्यता ज्याला टाळता येत नाही त्याने ती वापरू नये, असाच याचा अर्थ लावणं रास्त आहे.

सावधगिरीचं आणखी एक कारण शेजारच्या अवयवाने दिलं. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकीच सुरक्षित आहे असं अनेक वर्षं मानलं जात होतं. 2018मध्ये 631 स्त्रियांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले आणि सगळ्यांनाच धक्का बसला. साडेचार वर्षांनंतर पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 96.5 टक्के आजारमुक्त होत्या. दुर्बिणीच्या किंवा यंत्रमानवी शस्त्रक्रियेच्या गटात 86 टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मागच्या नोंदींवर आधारलेला विश्वास किती ठिसूळ असू शकतो, याचा हा धडा आहे, आणि अंडाशयाच्या कर्करोगात तो विसरून चालणार नाही.

पुढच्या टप्प्यांत दुर्बिणीचं काम बदलतं. आजार सगळ्या पोटात पसरला असेल तर तिचा सर्वांत मोठा उपयोग निर्णयासाठी होतो. रोममधल्या आना फागोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006मध्ये एक गुणपद्धत मांडली. श्वासपटल, ओमेंटम, आतडी, जठर, यकृत अशा जागा दुर्बिणीतून पाहायच्या आणि आजार असलेल्या प्रत्येक जागेला 2 गुण द्यायचे. बेरीज 8 किंवा त्याहून जास्त झाली, तर सगळा आजार आत्ता काढणं जवळपास अशक्य. आधी केमो द्यावी. नेदरलँड्समध्ये 201 स्त्रियांवर दुर्बिणीने आधी पाहण्याच्या या कल्पनेची चाचणी झाली. थेट पोट उघडलेल्यांपैकी 39 टक्के स्त्रियांत मोठा आजार मागे ठेवूनच पोट बंद करावं लागलं. आधी दुर्बिणीतून पाहिलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. एवढ्या स्त्रियांचा निष्फळ मोठा छेद टळला.

भारतात या पाहणीचा आणखी एक उपयोग आहे. पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठी, सीए-125 वाढलेली, वजन उतरलेलं, ही सगळी लक्षणं पोटाच्या क्षयरोगातही दिसतात. तरुण मुलगी कर्करोगाच्या धास्तीने दाखल होते, दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात क्षय निघतो आणि क्षयाच्या गोळ्यांनी ती बरी होते. तिचे अंडाशय आणि गर्भाशय वाचतात.

केमोने आजार आटोक्यात आल्यावर उरलेला भाग दुर्बिणीतून काढता येईल का, हा सध्याचा सर्वांत जिवंत प्रश्न आहे. अमेरिकेतल्या 3,071 स्त्रियांच्या नोंदींत अशा 450 जणींवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली होती. तीन वर्षांनंतरच्या जगण्यात ठळक फरक दिसला नाही, मुक्काम मात्र 5 दिवसांवरून 4वर आला. पण केमोला उत्तम प्रतिसाद दिलेल्याच स्त्रिया दुर्बिणीसाठी निवडल्या गेल्या असतील, ही शंका अशा नोंदींना कायम चिकटलेली असते. म्हणून ‘लान्स’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी 2020मध्ये सुरू झाली. केमोनंतर सीए-125 सामान्य झालेल्या 580 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करायची आणि आजार किती काळ परतत नाही ते मोजायचं, अशी तिची आखणी आहे.

मूल हवं असलेल्या तरुण स्त्रियांसाठी मर्यादित आजाराचा अर्थ वेगळाच असतो. 1ए टप्प्यात, पेशींचा प्रकार अनुकूल असेल तर फक्त आजारी अंडाशय आणि त्या बाजूची बीजनलिका काढून गर्भाशय आणि दुसरा अंडाशय ठेवता येतो. बाकीची तपासणी मात्र तेवढीच काटेकोर लागते; उलट अधिकच, कारण इथे चुकीला जागा कमी असते. हा पर्याय विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि तो शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवा.

ज्यांच्या घरात आई, मावशी, आत्या किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी बीआरसीए जनुकाच्या चाचणीबद्दल समुपदेशकाशी बोलावं. या जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना मुलं झाल्यावर, साधारण 35 ते 45 या वयात, अंडाशय आणि बीजनलिका दुर्बिणीतून काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. दुर्बिणीचा याहून निर्विवाद उपयोग या आजारात दुसरा नाही.

आणि ज्यांच्या हाती संशयास्पद गाठीचा अहवाल आला आहे, त्यांनी तारीख ठरवण्याआधी थोडं थांबून विचारावं. शस्त्रक्रिया स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञ करणार की साधी गाठ काढणारे डॉक्टर? फ्रोझन सेक्शनची सोय आहे का? गाठ पिशवीत घालून काढणार का? कर्करोग निघाला तर त्याच वेळी पूर्ण तपासणी होईल का, आणि गरज पडली तर पोट उघडण्याची तयारी आहे का? यांची उत्तरं समाधानकारक असतील तर चार छिद्रांची शस्त्रक्रिया बेलाशक करून घ्यावी. नसतील तर मोठ्या केंद्रात दुसरं मत घ्यावं. आठवड्याभराच्या उशिरापेक्षा फुटलेली गाठ जास्त महागात पडते. शस्त्रक्रिया झाल्यावर तिची टिपणं, चित्रफीत असेल तर तीही, आणि पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स व ब्लॉक मागून घेऊन जपून ठेवाव्यात. पुढचा प्रत्येक डॉक्टर सर्वांत आधी तेच मागतो.